सागरी सहलीचा हिशोब

गेल्या वर्षी आमच्या युनियनच्या कचेरीत एक सभासद आले. एकाच कारखान्यात पस्तीस वर्षे काढून नुकतेच निवृत्त झालेले. फंडाचे पैसे हातात पडले होते, मुलीचे लग्न आटोपले होते, डोक्यावर कर्ज उरले नव्हते. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर जरा संकोचाने म्हणाले, "भाऊ, एक विचारू का? पण हसू नका. बोटीतून आठ दिवस फिरून यावं असं हिच्या फार मनात आहे. तुम्ही एवढं वाचता म्हणून विचारतो. बोट कोणती घ्यावी, काय बघावं, पैसे फुकट तर नाही ना जाणार?"

मी हसलो नाही, पण मला उत्तरही देता आले नाही. ग्रॅच्युइटीचा आकडा, बडतर्फीचा दावा, बोनसचे सूत्र ह्यांपैकी काहीही विचारले असते तर उभ्या उभ्या सांगितले असते. सहलीच्या बाबतीत मात्र आमची पाटी कोरी. "पंधरा दिवस द्या," असे म्हणून मी वाचायला बसलो आणि पंधरा दिवसांचे चार महिने झाले. मला वाटले होते की दोनचार माहितीपत्रके चाळली की काम भागेल. पण माहितीपत्रकात निळे पाणी, पांढरी बोट आणि हसणारी माणसे ह्यांपलीकडे काही नसते. खरी माहिती निघाली ती इतिहासात. म्हणून आज जे सांगणार आहे ते त्या सभासदांना दिलेले उत्तरच आहे. कामगार चळवळीतल्या माणसाला हे कसले डोहाळे, असे कोणाला वाटेल. त्याने शेवटपर्यंत ऐकावे एवढीच विनंती.

समुद्रावर मजेसाठी जावे ही कल्पना फार जुनी नाही. माणूस समुद्रावर गेला तो व्यापारासाठी, यात्रेसाठी, लढाईसाठी आणि सर्वांत जास्त पोटासाठी. आमच्या शास्त्रीमंडळींनी तर समुद्र ओलांडणेच निषिद्ध ठरवले होते. अर्थात कोकणातल्या माणसाला त्या निषेधाची फिकीर करून चालण्यासारखे नव्हते. मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे करीत जाणारी आगबोट हाच त्याचा रस्ता. बंदरात बोट लांब उभी राहायची, पडावातून तिच्यापाशी जायचे आणि हेलकाव्यांचा अंदाज घेत बोचक्यासकट वर चढायचे. त्या प्रवासाने मराठी भाषेला 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग दिला. ज्या भाषेत बोट काट्यासारखी 'लागते', तिच्या लोकांना बोटीत सुट्टी घालवण्याची कल्पना उशिरा सुचावी ह्यात नवल नाही.

ती सुचली बोटीच्या मालकांना, आणि सुचली ती रिकाम्या जागेमुळे. माझ्या सबंध वाचनाचे सार काय ते एवढेच, बाकीचा विस्तार.

शेटलंड बेटांवरचा आर्थर अँडरसन हा पुढे पी. अँड ओ. कंपनीचा एक संस्थापक झाला. त्याने १८३५ साली आपल्या वृत्तपत्राच्या पहिल्याच अंकात फेरो बेटे आणि आइसलंडकडच्या सागरी सहलीची जाहिरात छापली, असे सांगतात. गंमत अशी की ती सहल अस्तित्वातच नव्हती. नंतर ह्याच कंपनीकडे भूमध्य समुद्रातल्या टपालाचा ठेका आला. टपालाची बोट ठरल्या दिवशी निघायलाच हवी, मग उतारू असोत वा नसोत. रिकाम्या केबिनी भरण्यासाठी कंपनीने सहलींची टूम काढली आणि १८४४ साली थॅकरे ह्या लेखकाला फुकट तिकीट देऊन लंडनहून कैरोपर्यंत फिरवून आणले. त्याचे पुस्तक १८४६ साली निघाले. त्यात कंपनीचे आभार मानलेले आहेत, ह्यात आश्चर्य ते काय? आमच्या सभासदांना पहिली सूचना मी इथेच दिली : सहलीचे सुरस वर्णन वाचताना लिहिणाऱ्याने स्वतःच्या पैशाने तिकीट काढले होते काय, एवढे आधी पाहावे. आजचे छायाचित्रवाले आणि चलच्चित्रवालेही थॅकरेचेच वारस आहेत, फक्त त्यांची लेखणी तेवढी बरी नाही.

दुसरी गोष्ट 'क्वेकर सिटी' ह्या अमेरिकन बोटीची. ८ जून १८६७ रोजी ही चाकांची आगबोट न्यूयॉर्कहून युरोप आणि पवित्र भूमीच्या सहलीला निघाली. भाडे १,२५० डॉलर. मार्क ट्वेन तिच्यावर होता, त्याचे भाडे एका वृत्तपत्राने भरले होते. यादवी युद्धातला सेनापती शर्मन आणि प्रसिद्ध धर्मोपदेशक बीचर हे सहलीत येणार असा बोलबाला होता. प्रत्यक्षात दोघांपैकी एकही आला नाही. पैसे मात्र भरले गेले होते. ट्वेनचे १८६९ सालचे पुस्तक ह्या सहलीवरचेच. त्यात अथेन्सच्या पायरियस बंदरातला प्रसंग आहे. रोगाच्या भीतीने बंदराने उतारूंना किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नाही. अकरा दिवस बोटीत अडकून पडा, नाहीतर पुढे जा, असा हुकूम. ट्वेन आणि त्याचे तीन सोबती रात्री चोरून उतरले आणि चांदण्यात अॅक्रॉपोलिस पाहून परत आले.

हा प्रसंग वाचून हसू येते. पण फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकली तेव्हा हसण्याजोगे काही नव्हते. बोटीवर ३,७११ माणसे होती, त्यांतल्या ७१२ जणांना करोनाची लागण झाली. भारतीय १३८ होते, आणि त्यांतले उतारू किती, तर सहा. उरलेले १३२ नोकरीवर होते. उतारूंना आपापल्या केबिनीत थांबायला सांगितले. पण तीन वेळचे जेवण त्यांच्या दारात नेऊन ठेवणारे कोण? ते हेच. दोघादोघांनी, कधी अधिकांनी, एकेक खोली वापरणारे. पुढे एप्रिलमध्ये परदेशी सहलीच्या बोटीवर काम करणारे सुमारे दीडशे भारतीय, त्यांत पुष्कळ गोव्याचे, मुंबईच्या समुद्रात येऊन थांबले होते. घर दिसत होते, पण उतरण्याची परवानगी मिळत नव्हती. बऱ्याच खटपटीनंतर ती मिळाली.

तेव्हा दुसरी सूचना : कार्यक्रमपत्रिकेतली बंदरे हे वचन नव्हे, तो अंदाज आहे. वादळ, रोग, संप, राजकारण ह्यांपैकी कशामुळेही बंदर गाळण्याचा हक्क कंपनी तिकिटाच्या बारीक अक्षरांत राखून ठेवते, आणि बहुधा त्याची भरपाई देत नाही. एका विशिष्ट बंदरासाठीच जीव टाकणाऱ्या माणसाने विमानाने जावे. आणि वैद्यकीय विमा काढावा. त्यात बोटीवरून उचलून रुग्णालयात नेण्याचा खर्च बसतो की नाही हे लेखी विचारावे. रोजची औषधे हातपिशवीत ठेवावीत, कारण मोठे सामान केबिनीत यायला संध्याकाळ होते.

ह्या धंद्याला पक्के रूप दिले ते हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालीनने. ह्याच्या घरचा धंदा देशांतराला निघालेल्या गोरगरिबांना अमेरिकेची तिकिटे काढून देण्याचा. पुढे तो हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीत वर चढला. त्याच्यापुढे प्रश्न साधा होता. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला, उतारू थोडे; भल्यामोठ्या बोटी धक्क्याला बांधून ठेवल्या तरी कर्जावरचे व्याज चालूच. त्याने २२ जानेवारी १८९१ रोजी 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्रात धाडली. जिब्राल्टर, इजिप्त, जाफा, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स असा सुमारे दोन महिन्यांचा फेरा. कंपनीतल्याच काहींनी त्याला वेड्यात काढले होते. सहल यशस्वी झाली आणि दर हिवाळ्याचा पाठ पडला. मग त्याने मुद्दाम सहलीसाठीच 'प्रिंत्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे' ही बोट बांधून घेतली. तिची पहिली सफर १९०१ सालची. डिसेंबर १९०६ मध्ये कप्तानाने एका दीपगृहाला दुसरेच दीपगृह समजून ती जमैकाच्या खडकावर घातली. उतारू सगळे वाचले. कप्तानाने आपल्या खोलीत जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतली.

बालीनच्या हिशोबातून आजच्या गिऱ्हाइकाने काय घ्यावे? बोट रिकामी निघाली तरी तेल, पगार आणि व्याज तेवढेच. म्हणून जागा भरण्यासाठी कंपनी भाडे उतरवते, आणि उतारू आत आला की दारू, छायाचित्रे, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट ह्यांतून ते वसूल करते. जाहिरातीतला आकडा हा हिशोबाचा पहिला रकाना असतो. त्यात बंदरपट्टी, सेवाशुल्क, विमा, व्हिसा आणि बंदरापर्यंतचा खर्च घालून मग बेरीज करावी. वसंतात आणि शरदात बोटी एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवल्या जातात, तेव्हाच्या सफरी स्वस्त मिळतात. मात्र त्यांत बंदरे थोडी आणि नुसत्या पाण्याचे दिवस पुष्कळ. ज्याला वाचायचे आहे, झोपायचे आहे, बायकोशी तीस वर्षांत न झालेले बोलणे करायचे आहे, त्याला त्या उत्तम. केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. तिथे हेलकावा कमी, आणि भाडेही बहुधा कमी. श्रीमंतांच्या सज्जेवाल्या खोल्या उंचावर असतात, पण बोट लागायचीच झाली तर तीही तिथेच जास्त लागते. समुद्राने केलेला हा एक न्याय मला फार आवडला.

आता जरा निशाणाकडे वळू. अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा अमेरिकन बोटींवर दारू विकता येईना. १९२२ साली 'रिलायन्स' आणि 'रेझोल्यूट' ह्या दोन बोटी त्यांच्या मालकांनी पनामाच्या निशाणाखाली नेल्या. मालक तेच, धंदा तोच, फक्त काठीवरचे फडके बदलले आणि गुत्ता खुला झाला. पुढे लक्षात आले की फडके बदलल्याने दारूचाच नव्हे, तर करांचा आणि मजुरीचाही कायदा बदलतो. आज सहलीच्या मोठमोठ्या बोटी बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा निशाणांखाली फिरतात. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९४८ साली ह्या 'सोयीच्या निशाणां'विरुद्ध मोहीम उघडली, ती अजून संपलेली नाही. उतारूचाही ह्याच्याशी संबंध आहे. बोटीवर काही बरेवाईट झाले तर दाद कुठल्या देशात मागायची, हे तिकिटावरच छापलेले असते. वॉशिंग्टन राज्यातली एक बाई १९८० च्या दशकात एका सहलीत बोटीवर घसरून पडली. घराजवळच्या न्यायालयात तिने दावा लावला. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तिकिटावर फ्लोरिडा छापले आहे, तिथे जा. म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या सभासदांना मी म्हटले, आपण कारखान्यात करारावर सही करताना जेवढे वाचतो तेवढे तिकीटही वाचा.

इथपर्यंतचा इतिहास श्रीमंतांचा. कामगार बोटीत केव्हा बसला? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे सापडले त्याने दोन रात्री झोप लागली नाही.

२ मे १९३३ ह्या दिवशी हिटलरच्या टोळ्यांनी जर्मनीतल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्यांचा ताबा घेतला. आदल्या दिवशी, १ मे रोजी, त्याच सरकारने कामगारदिनाची पगारी सुट्टी देऊन मोठे मिरवणे केले होते. पुढाऱ्यांना तुरुंगात आणि छळछावण्यांत टाकले, संघटनांचा पैसा आणि इमारती नव्या सरकारी 'श्रमिक आघाडी'च्या घशात गेल्या. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला ह्या आघाडीने 'आनंदातून शक्ती' नावाची शाखा काढली आणि कामगारांसाठी स्वस्त सागरी सहली सुरू केल्या. नॉर्वेचे फियोर्ड, मदीरा बेट, इटलीचा किनारा. 'विल्हेल्म गुस्टलॉफ' ही बोट खास ह्याच कामासाठी बांधली, १९३७ च्या मे महिन्यात ती पाण्यात उतरली. तिच्यावर सुमारे दीड हजार उतारू मावत आणि पहिला वर्ग, दुसरा वर्ग असा भेद नव्हता. बघा, जी गोष्ट जगातल्या कोणा भांडवलदाराने केली नव्हती ती ह्यांनी केली!

खोलात गेल्यावर काय दिसते? ह्या बोटींवर कारकून, अधिकारी आणि पक्षाची माणसे पुष्कळ. साध्या मजुराला तेही भाडे जड. उतारूंत मिसळलेले गुप्त पोलीस कोण काय बोलतो ते टिपून घेत. फियोर्डच्या सहलीत किनारा बोटीवरूनच पाहायचा, उतरायचे नाही. लढाई सुरू होताच 'गुस्टलॉफ' इस्पितळाची बोट झाली. ३० जानेवारी १९४५ च्या रात्री बाल्टिक समुद्रात निर्वासितांनी खच्चून भरलेली असताना सोव्हिएत पाणबुडीने ती बुडवली. नऊ हजारांवर माणसे गेली असा अंदाज आहे, आणि त्यांत मुले फार होती.

ह्याउलट फ्रान्स पाहा. १९३६ च्या मे-जूनमध्ये तिथल्या कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडून संप केला आणि दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळवली. त्यांना कोणी बोट दिली नाही. सवलतीच्या आगगाडीच्या तिकिटावर आणि दोघांच्या सायकलींवर बसून ते त्या उन्हाळ्यात समुद्र बघायला गेले. पुष्कळांनी तो जन्मात पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे कारखान्यातली पगारी रजा १९४५ च्या दुरुस्तीने आली आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असे तिचे माप ठरले. आमचे सभासद म्हणाले, "आम्ही ती रजा गावच्या शिमग्यात, नाहीतर घराचं छप्पर शाकारण्यात घालवली." खरे आहे. पण ती त्यांची स्वतःची होती. शेजारच्या खाटेवर हेर निजलेला नव्हता.

आता एका बोटीची कुंडली मांडतो, कारण ह्या धंद्याचा सगळा प्रवास तिच्या एकटीच्या आयुष्यात आला आहे. 'फ्रान्स' हेच तिचे नाव. साँ-नाझेरच्या गोदीत बांधलेली ३१५ मीटर लांबीची ही बोट १९६२ साली अटलांटिकवर धावू लागली. एवढ्या लांबीची उतारू बोट पुढे २००४ पर्यंत दुसरी झाली नाही. पण तिचा मुहूर्तच चुकला होता. १९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली होती आणि बोटीचे पाच दिवस कोणाला नको होते. सरकारी अनुदानावर ती तगली. तेल महागले, अनुदान थांबवायचे ठरले, आणि सप्टेंबर १९७४ मध्ये तिच्या खलाशांनी ल हाव्र बंदराच्या तोंडाशी बोट ताब्यात घेतली आणि मार्ग अडवून धरला. आपली बोट भंगारात जाऊ नये, एवढीच मागणी. काही आठवड्यांनी ते हरले. चार वर्षे ती एका कडेच्या धक्क्याला गंजत उभी होती.

१९७९ साली एका नॉर्वेजियन मालकाने ती घेतली, अर्धी इंजिने बंद केली आणि 'नॉर्वे' नावाने १९८० साली मायामीहून कॅरिबियन समुद्रात सहलीला लावली. सहलीला वेग कशाला हवा? उलट जितके सावकाश तितके तेल वाचते आणि दुकाने जास्त चालतात. फ्रेंच खलाशांच्या जागी आता अनेक देशांची स्वस्त माणसे आली. धंदा इतका चालला की दुसऱ्या कंपन्यांनी त्याहून मोठ्या बोटी बांधल्या. २५ मे २००३ रोजी मायामीच्या धक्क्यावर तिचा बॉयलर फुटला आणि आठ कामगार मेले. उतारूंपैकी कोणी नाही. बॉयलरखान्यात उतारू नसतात. २००८ साली मालक कंपनीने अमेरिकन न्यायालयात निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला. तोवर बोट भावनगरजवळच्या अलंगच्या चिखलात आलेली होती. १५ ऑगस्ट २००६ ला ती तिथे चढवली. तिच्या पोटात ॲस्बेस्टॉस होते, म्हणून प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २००७ च्या सप्टेंबरात तोडण्याची परवानगी मिळाली. ओरिसा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांनी गॅसच्या ज्योतीने तिचे तुकडे केले. साँ-नाझेरच्या कामगारांनी बांधली, ल हाव्रच्या कामगारांनी वाचवू पाहिली, अलंगच्या कामगारांनी कापली. मधल्या काळात तिच्यावर नाचगाणे झाले.

हे ऐकून सभासदांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हणजे जाऊ नये म्हणता?" मी म्हटले, छे! जरूर जा. गिरणीतला कापड विणणारा उघडा राहावा असे आपण कधी म्हटले नाही, मग बोट ओढणाऱ्या वर्गाने बोटीत बसू नये असे का म्हणावे? पण दोन गोष्टी कटाक्षाने करा.

पहिली जिवाची. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना उरला असताना, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात उलटली. सहाशेवर माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, मुंबईला बातमी कळायला दिवस उलटला. गिरगावात आणि परळमध्ये त्या दिवसाची आठवण सांगणारी म्हातारी माणसे मी लहानपणी ऐकली आहेत. आमच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जाऊ नये हा नियम कोळ्यांनी घातला आहे. सहलीची तारीख ठरवताना तो मोडू नये. मोठी बोट म्हणजे निर्भय असेही समजू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यालगत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर चढली, तेव्हा तिच्यावर चार हजारांहून अधिक माणसे होती. त्याच संध्याकाळी चढलेल्या उतारूंची संकटकाळची कवायत अजून व्हायची होती, कारण तेव्हाचा नियम चोवीस तासांत केव्हाही घ्या असा होता. बत्तीस माणसे मेली. त्यांत मुंबईचा एक वाढपी होता. बत्तिसांपैकी सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्याचे अवशेष सापडले. त्यानंतर नियम बदलला आणि बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत सक्तीची झाली. म्हणून कवायतीचा भोंगा झाला की चहा टाकून उठा. आपली जमण्याची जागा कोणती, तिथे जाणारा जिना कोणता, जाकीट कसे बांधायचे हे प्रत्यक्ष करून पाहा. वहिनींना घेऊन एकदा तो जिना पायी चढा. लिफ्ट त्या वेळी चालणार नाही.

दुसरी गोष्ट बक्षिशीची. पी. अँड ओ. च्या काळापासून ह्या बोटींवर आमची माणसे आहेत. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी, जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती, सारंग आणि तांडेल त्यांचे मुकादम. गोऱ्या खलाशाच्या मानाने मजुरी फारच थोडी, राहण्याची जागाही तशीच. आज कायदा सुधारला आहे. २००६ साली झालेला सागरी श्रमाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ च्या ऑगस्टपासून लागू झाला, भारताने २०१५ साली तो मान्य केला. त्यात विश्रांतीचा हिशोब आहे : दिवसाला किमान दहा तास, आठवड्याला सत्त्याहत्तर. उरलेले तास मोजून पाहा म्हणजे काम किती असते ते कळेल. महिनोन्‌महिने आठवडी सुट्टी नाही. पुष्कळ बोटींवर वाढप्याच्या आणि खोली झाडणाऱ्याच्या कमाईचा मोठा भाग उतारूच्या सेवाशुल्कातून येतो. हे शुल्क बिलातून काढून टाका म्हणून सांगता येते आणि आपल्याकडचे काही शहाणे ते काढून टाकतात, वर ती युक्ती इतरांना शिकवतात. पगार मालकाने पुरा द्यावा आणि बक्षिशीवर कोणाचे पोट नसावे, हे माझे मत आहे आणि त्यासाठी मी भांडेन. पण ते भांडण वाढप्याच्या खिशातून लढायचे नसते. सहलीचा खर्च मांडताना ही रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढा.

बाकीच्या किरकोळ सूचना भराभर सांगतो. बोट सुटायच्या आदल्या दिवशी बंदराच्या गावी पोचा. विमान चुकले तर बोट थांबत नाही. किनाऱ्यावर स्वतःचे स्वतः फिरायला गेलात तर घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा आणि तासभर आधी परता. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट वाट पाहते, तुमच्या टॅक्सीची नाही. जेवणाआधी हात साबणाने धुवा, पोटाचा विकार बोटीवर वणव्यासारखा पसरतो. पोट ढवळले तर उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावे, रिकाम्या पोटी राहू नये. आल्याचा तुकडा जवळ असावा. पहिल्या दोन दिवसांत सगळ्या पंगती उठवायच्या असा पण करू नका.

ते दोघे माघ महिन्यात जाऊन आले. आल्यावर पेढे घेऊन कचेरीत आले. बोटीचे निशाण बहामाचे होते, हे त्यांनी खुर्चीत बसण्याआधी सांगितले. कवायतीला दोघे सर्वांत आधी हजर होते, त्यामुळे एका अधिकाऱ्याने त्यांना पूर्वी दर्यावर्दी होतात काय असे विचारले म्हणे. वहिनींना पहिल्या रात्री बोट लागली, दुसऱ्या दिवसापासून नाही. त्यांच्या टेबलावर वाढणारा पोरगा सावंतवाडीकडचा निघाला. तिसऱ्या दिवशी तो त्यांच्याशी मालवणीत बोलू लागला आणि वहिनी रोज त्याला "जेवलास काय रे?" म्हणून विचारू लागल्या. आठ महिन्यांचा करार, त्यातले पाच झाले होते. शेवटच्या संध्याकाळी ह्यांनी त्याला वरच्या डेकवर सूर्यास्त बघायला ये म्हणून आग्रह केला. तो म्हणाला, "काका, आमका थंय येवक परवानगी नाय." मग ह्यांनी सूर्यास्ताचे छायाचित्र काढले आणि रात्री जेवताना त्याला दाखवले.